8,88,246 फुलं आणि बसऱ्याला गेलेले आपले लोक

संशोधनाची तयारी करताना 'मोजायचं कसं' हे आपण भरपूर शिकतो. सरासरी, विचलन, नमुना, सगळं. पण 'मोजायचं कुणाला' हा प्रश्न बहुतेक वेळा मागेच राहतो. आज त्यासाठी प्रयोगशाळेतलं उदाहरण न घेता एक कलाकृती घेतेय.

2014 साली पहिलं महायुद्ध सुरू होऊन शंभर वर्षं झाली. त्या निमित्ताने टॉवर ऑफ लंडन या किल्ल्याच्या कोरड्या खंदकात सिरॅमिकची लाल पॉपीची फुलं रोवली गेली. फुलं पॉल कमिन्स या कलावंताची, मांडणी नेपथ्यकार टॉम पायपर यांची. जुलैपासून फुलं वाढत गेली आणि 11 नोव्हेंबरला शेवटचं फूल लागलं. एकूण 8,88,246. एक फूल म्हणजे युद्धात गेलेला एक सैनिक. पॉपीच का, तर फ्रान्स आणि बेल्जियमच्या उकरल्या गेलेल्या रणभूमीवर हेच रानफूल उगवायचं. नंतर ही फुलं प्रत्येकी 25 पौंडांना विकली गेली आणि त्यातला वाटा सैनिकांसाठी काम करणाऱ्या सहा संस्थांना गेला. आज हजारो घरांत त्यातलं एकेक फूल आहे, कुणाच्या पणजोबांच्या फोटोशेजारी, कुणाच्या बागेत.

आधी जे जमलंय ते मान्य करू. आठ लाख अठ्ठ्याऐंशी हजार हा आकडा वाचून डोळ्यांसमोर काहीच येत नाही. खंदक भरून वाहणारा लाल रंग बघितला की येतं. फुलं हातांनी घडवलेली, त्यामुळे दोन फुलं तंतोतंत सारखी नाहीत. संख्येला आकार देणं हे अवघड काम आहे आणि ते इथे झालंय. 'गार्डियन'चे कलासमीक्षक जोनाथन जोन्स यांनी तेव्हा कडक टीका केली होती. युद्धाची भीषणता इथे देखणी होते, आणि फक्त आपल्याच बाजूचे मेलेले मोजले जातात, असा त्यांचा रोख होता. पहिला मुद्दा मला पटत नाही. देखणं असणं हा स्मारकाचा दोष नव्हे. दुसऱ्या मुद्द्यात मात्र दम आहे, आणि तो त्यांनी नेला त्याहून पुढे न्यायला हवा. कारण 'आपली बाजू' सुद्धा पूर्ण मोजलेली नाही.

कसं ते बघा. प्रत्येक फूल 'ब्रिटिश किंवा वसाहतींच्या' सैन्यातल्या मृत्यूचं, असं सांगितलं गेलं. ऐकणाऱ्याला वाटतं की यात भारतीयही आले. पण राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या तक्त्यात 'ब्रिटन व वसाहती' हा एक रकाना आहे आणि 'अविभाजित भारत' हा वेगळा. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड यांचेही वेगळे रकाने आहेत. 8,88,246 ही पहिल्या रकान्याची संख्या. सगळ्या साम्राज्याचे मिळून मृत्यू अकरा लाखांच्या आसपास जातात, त्यातले भारताचे साधारण 74 हजार. म्हणजे भारतीयांनाही खंदकात जागा द्यायची तर दर बारा फुलांमागे आणखी एक फूल रोवावं लागलं असतं.

तुम्ही म्हणाल, बुलढाण्यात बसून लंडनच्या खंदकाशी आपलं काय देणंघेणं? आहे ना. त्या युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांवर माणसं गेली, आणि त्यात मराठी पलटणीही होत्या. 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 कुत-अल-अमाराला वेढा पडला तेव्हा त्या आत अडकल्या होत्या. अन्न संपलं, शेवटी सुमारे तेरा हजारांनी शरणागती पत्करली, आणि त्यातले कित्येक तुर्कांच्या कैदेत मेले. 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी राहिली आणि युद्धानंतर 1921 मध्ये मोडलीही गेली.

यांची आठवण कशी ठेवली गेली? भारतातल्या बऱ्याच गावांत इंग्रज सरकारने संगमरवरी पाट्या लावल्या. मजकूर ठरलेला: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके मेले. वर्षं 1914 ते 1919. नाव एकही नाही. तिकडे बसऱ्याच्या स्मारकावर, ज्यांची कबर सापडत नाही अशा चाळीस हजारांहून जास्त जणांची नोंद आहे. 1929 साली ते उभं राहिलं तेव्हा ब्रिटिश शिपायांची नावं कोरली गेली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणवार संख्या दिली. 2021 मध्ये खुद्द आयोगाच्या समितीने हे कबूल केलं. किमान 1,16,000 आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसं, मुख्यत: आफ्रिका व मध्यपूर्वेतली, नावानिशी स्मरली गेलीच नाहीत किंवा अजिबातच स्मरली गेली नाहीत. शिवाय 45 ते 54 हजार जणांचं, ज्यांत भारतीय बरेच होते, स्मरण असमान पद्धतीने झालं.

इथे थोडं थांबा. सिरॅमिकच्या फुलावरही नाव नाही, पाटीवरही नाही. मग फरक काय? फूल विकत घेणाऱ्याच्या घरी नाव आधीपासून असतं. पत्र असतं, पदक असतं, कुठल्या तरी दगडावर कोरलेलं नाव असतं. फूल त्या नावाजवळ जाऊन बसतं. आपल्याकडे उलट आहे. 'आमचे पणजोबा बसऱ्याला गेले होते' एवढं एक वाक्य घरात फिरतं, आणि त्याच्याजवळ ठेवायला काहीच नसतं.

नाव नसलेलं स्मारक आपल्याला नवं नाही. गावाच्या मारुतीपाशी शेंदूर फासलेली वीरगळ बघितली असेल. खाली लढाई, वर अप्सरा वीराला नेताहेत, त्याच्या वर शिवपूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेक वीरगळांवर लेख नसतो. पण ती त्या वीराच्या गावातच उभी राहते आणि तिच्यापुढे आजही कुणी नारळ फोडतं. संगमरवरी पाटीला ते भाग्य नाही, कारण ती बोलते सरकारच्या भाषेत: किती पुरवले, किती खर्ची पडले. आणि 2019 चा पुलवामा आठवा. आपल्या जिल्ह्यातले दोन जवान गेले, एक मलकापूरचा, दुसरा लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचा. आपण त्यांना आधी नावाने ओळखलं, चाळीस हा आकडा नंतर आला. शंभर वर्षांपूर्वी हा क्रम उलटा होता.

आता कामाचं. घरात असं एखादं वाक्य असेल तर ते पुरावा म्हणून नको, गृहीतक म्हणून धरा आणि तपासा. आयोगाची मृतांची यादी ऑनलाइन आहे आणि भारतीय नोंदींत बऱ्याचदा वडिलांचं नाव, गाव, तालुका मिळतो. शोधताना इंग्रजांचं स्पेलिंग वापरा. त्यांच्या कागदांत बुलढाण्याचा 'ढ' हा नुसता 'ड' होतो, विदर्भ नसतो, 'बेरार' असतो. आणि यादीची व्याख्या आधी वाचा: ऑगस्ट 1914 ते ऑगस्ट 1921 या काळातले मृत्यूच तिच्यात येतात. जो जिवंत परतला तो तिथे सापडणार नाही. म्हणून नाव मिळालं नाही याचा अर्थ 'गेलेच नव्हते' असा काढू नका. विदेचा अभाव म्हणजे घटनेचा अभाव नव्हे, हे वाक्य आपण वर्गात पाठ करतो. इथे ते स्वत:च्या घरावर लावायचं आहे.

कलाकृतीबद्दल माझं मत असं: तिने मोजणी डोळ्यांना दाखवली, पण मोजणीची व्याख्या दाखवली नाही. ज्याच्या घरी ते फूल आहे त्याने ते जरूर जपावं, त्यात वावगं काही नाही. तुम्ही मात्र उद्या तुमच्या प्रबंधात एखादा मोठा आकडा लिहाल, तेव्हा त्याच्या शेजारी एक ओळ नक्की लिहा: यात कोण धरलेत आणि कोण धरलेले नाहीत. ती ओळ वाचणाऱ्यांत बाहेर राहिलेल्यांपैकी कुणाची तरी पणती असू शकते.