कार्ल्याच्या दारातला सुतार

कार्ल्याचे चैत्यगृह मी प्रथम पाहिले ते १९७४ साली, शाळेच्या सहलीत. मास्तरांनी सांगितले, ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. आम्ही वस्तीतली चार पोरे एकमेकांकडे पाहत राहिलो. आमच्या घरात बुद्धाची तसबीर होती आणि इथे समोर स्तूप उभा होता. पण मास्तरांना उलट बोलण्याची छाती आमच्यात नव्हती.

पुढे शिकलो, कलासमीक्षा वाचली. तिथे पांडव नव्हते. त्यांच्या जागी 'अनामिक कलावंत' होता. कमानदार गवाक्षातून येणारा प्रकाश, स्तंभांची लय, दगडातली शांती यांवर पानेच्या पाने लिहिलेली होती. नावाची हाव नसलेला कलावंत म्हणून त्याचा गौरव केलेला होता. मलाही ते पटले होते.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. या खेपेस हाती ब्राह्मी शिलालेखांची वाचने होती आणि बरोबर दोन विद्यार्थी. सुमारे १२४ फूट लांबीचे ते दालन, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून छताला धरून आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम असल्याचे अभिमानाने नोंदवतो. खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावे आहेत, सोपाऱ्याच्या सातिमिताचे नाव आहे. आणि दारापाशी लिहिले आहे की धेनुकाकटचा वढकी सामी, वेणुवासाचा पुत्र, याने हे द्वार केले. वढकी म्हणजे सुतार. हिंदीतला 'बढई' तो हाच. आणखी एका लेखात वेदिका दान देणाऱ्या भिक्षुणीचे नाव आहे आणि ती वेदिका घडविणाऱ्या नंदिकाचेही.

म्हणजे अनामिकतेचे ते सारे तत्त्वज्ञान पोकळ होते. नाव कोरलेले होते; ते वाचण्याची गरज कुणाला वाटली नाही. श्रमणाऱ्याचे नाव पुसायचे आणि मग त्याच्या निरिच्छपणाची आरती ओवाळायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पांडवांची कथा आणि सौंदर्यवाद्यांचा अनामिक कलावंत या दोहोंनी सामीला सारखेच दाराबाहेर ठेवले.

परंतु हा प्रश्न आपल्यालाही विचारला पाहिजे. लेण्यांचा वारसा सांगताना आपणही बहुधा दात्यांच्या आणि राजांच्या वैभवात रमतो. नहपानाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिल्याचा लेख इथेच आहे. गाव दिले म्हणजे त्या गावच्या कुणब्याने पिकवलेल्यातला वाटा दिला. तो कुणबी लेखात नाही. डोंगर फोडून मलबा वाहून नेणारेही नाहीत. सामी आणि नंदिक सापडले म्हणून ही उणीव भरून निघत नाही. बुद्धाचा धम्म मानणाऱ्याने तरी हे झाकू नये. पूज्य वारशाची चिकित्सा करायची नसेल तर आपल्यात आणि मास्तरांत फरक तो काय उरला?

चैत्याच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे. गर्दी पाहून एक विद्यार्थी संतापला. मी म्हटले, बाबा, हे स्थळ बौद्धांचे आहे हे ठणकावून सांग, पुराव्यानिशी सांग. पण तान्ह्या लेकराला घेऊन नवसाला आलेली ही कोळीण तुझी वैरीण नव्हे. सामीचे नाव तिच्यापासूनही लपवले गेले आहे. तिला ते वाचून दाखव. त्याने खरोखरच दाखवले. ती लेकराला कडेवर सावरीत ऐकत राहिली आणि विचारले, "सुताराचं नाव लिवलंय? खरंच?" हाच प्रश्न १९७४ मध्ये आम्हाला विचारता आला असता तर!

परतताना लोकल देहूरोडला थांबली. इथेच २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. बाबासाहेबांचे नाव काळ पुसू शकणार नाही. पण त्या दिवसासाठी कोण राबले, कुणी वर्गणी दिली, कुणी डोक्यावरून विटा-माती वाहिली? त्यांची मुले-नातवंडे आज आहेत, आठवणी सांगू शकतात. पुढच्या रविवारी वही घेऊन तिथे जायचे, असे आम्ही तिघांनी गाडीतच ठरवले.