अंक आणि अक्षर : मॅटलॅबमधील संयोगाची चिकित्सा

अंकगणिती संगणकप्रणालीस चिन्हगणिताची जोड दिली की तिच्या सामर्थ्यात केवळ भर पडते, असा समज आहे. मॅटलॅबचे उदाहरण पाहता तो अपुरा ठरतो. क्लीव्ह मोलर यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात ही प्रणाली रचली, ती विद्यार्थ्यांना मॅट्रिक्सची आकडेमोड सुलभ व्हावी म्हणून. तीत नाव असते ते मूल्यासाठी; मूल्य न दिलेले नाव यंत्र ओळखतच नाही. बीजगणितात मात्र अक्षर मूल्यावाचूनच वावरते.

हा भेद वैयाकरणांस नवा नाही. शब्दाने स्वतःच्या रूपाचा बोध व्हावा, पारिभाषिक संज्ञेने मात्र संज्ञीचा, अशी व्यवस्था पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात लावून दिली आहे. मॅटलॅबमधील साधे चल संज्ञेसारखे आहे. ‘सिम्स’ या आज्ञेने घोषित केलेले चल स्वरूपबोधक होय.

या दोहोंस एकत्र नांदविण्याचे काम सिम्बॉलिक मॅथ टूलबॉक्सने केले. त्याचे गणितयंत्र प्रारंभी मेपलचे होते. २००८ मध्ये त्याच्या जागी जर्मनीतील पाडरबॉर्न विद्यापीठात उगम पावलेले म्यूपॅड आले. लाभ उघड आहे. अंकरूप ‘पाय’ची साइन शून्य येत नाही; दशांशचिन्हानंतर पंधरा शून्ये येऊन मग अंक उमटतात. चिन्हरूप ‘पाय’ची साइन नेमकी शून्य येते.

तथापि सीमा ओलांडताना होणारे भाषांतर निर्दोष नाही. एक-तृतीयांशास चिन्हरूप द्यावयाचे, तर भागाकार आधी अंकांत होतो आणि त्या स्थूल मूल्यावरून मूळ अपूर्णांक तर्काने ओळखला जातो. येथे तर्क खरा ठरतो. ‘ई’ या संख्येच्या बाबतीत मात्र सोळा-सोळा अंकी अंश-छेदांचा अपूर्णांक हाती येतो. दिसावयास नेमका, वस्तुतः स्थूल. दुसरा दोष अनेकार्थाचा. ‘डिफ’ ही आज्ञा चिन्हराशीचे विकलन करते, पण अंकांच्या रांगेत लगतच्या पदांतील फरक देते. परिणामी चिन्हरूप ५ वर उत्तर शून्य, तर अंकरूप ५ वर रिक्त.

भाषेतही अनेकार्थ असतो. परंतु तेथे निर्णय संदर्भाने होतो व तो संदर्भ श्रोत्यासमोर असतो. येथे निर्णय चलाच्या जातीवर होतो आणि ती जात त्या ओळीत दिसतेच असे नाही. म्हणून चिन्हरूप गणनेपूर्वी द्यावे, नंतर नव्हे, हा अध्यापनातील पहिला धडा असावयास हवा. १ ला आधी चिन्हरूप देऊन त्याचा घातांकी फल घेतल्यास ‘ई’ नेमका राहतो. गमावलेली नेमकेपणा तर्काने नेहमीच परत मिळते, हा विश्वास टूलबॉक्स देतो. तो सार्थ नाही.