यजमान साथीला

उल्हासनगरच्या बाजारात ही कॅसेट घेतली, तेव्हा डबीत गायकांच्या नावांचा कागदच नव्हता. त्यामुळे गिटारवादक कार्लोस सान्तानाचा १९९९ सालचा ‘सुपरनॅचरल’ हा अल्बम मी कित्येक महिने पाहुण्या गायकांना न ओळखताच ऐकला. गाण्यागणिक गळा बदलायचा, इंग्रजीची स्पॅनिश व्हायची. गिटार मात्र दोन-तीन सुरांतच ओळखू यायची.

पुढे नावं कळली. मॅचबॉक्स ट्वेंटीचा रॉब थॉमस, हिप-हॉपमधून आलेला एव्हरलास्ट, लॉरिन हिल, मेक्सिकोतला रॉक बँड माना, ब्लूजमध्ये मुरलेला एरिक क्लॅप्टन. ८ ग्रॅमींचं आणि जगभर खपलेल्या सुमारे ३ कोटी प्रतींचं श्रेय बरेच जण या यादीला देतात. मला श्रेय वेगळ्याच गोष्टीचं वाटतं: इथे यजमान स्वतःच साथीला बसलाय.

‘स्मूद’ ऐका. अमेरिकेत १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं हे गाणं जवळजवळ तीन कॉर्ड्सवर फिरतं: ए मायनर, एफ, ई. ‘ए’ला षड्ज धरलं तर गंधार-धैवत कोमल आणि निषाद शुद्ध. आपल्या कानाला ओळखीची वाटते ती ही कीरवाणीची सावली. थॉमसचा आवाज सुरुवातीला जुन्या टेलिफोनमधून यावा तसा खरखरीत येतो. त्याची ओळ संपते न संपते तोच गिटार ती पकडते, एखादा सूर लांबवर धरून ठेवते आणि पुढच्या ओळीआधी बाजूला होते. बैठकीत सारंगीवाला हेच करतो. गायकाच्या श्वासाची जागा भरायची, अडवायची नाही.

तालाचा कणा लॅटिन. त्यातला क्लावे समजून घ्यायला १६ मात्रा मोजा आणि १, ४, ७, ११, १३ वर टाळी द्या. पहिल्या तीन टाळ्या समेवरून दूर ओढतात, शेवटच्या दोन परत आणतात. रॅप असो वा रॉक, ही ओढ पायाखाली असली की पाहुणा कुठूनही आला तरी ठेचाळत नाही.

‘लव्ह ऑफ माय लाइफ’मध्ये तर पाहुणा एकोणिसाव्या शतकातला आहे. डेव्ह मॅथ्यूज गातो ती धून ब्राम्सच्या तिसऱ्या सिंफनीतली. सान्तानाचे वडील मारियाची व्हायोलिनवादक. ते गेल्यानंतर रेडिओवर कानी पडलेली ही धून त्याच्या मनातून जाईना. गिटारवर ती तो व्हायोलिनच्या गजासारखी, सूर न तोडता ओढतो.

सगळंच जमलेलं नाही. ‘द कॉलिंग’मध्ये क्लॅप्टनबरोबर सात मिनिटांहून अधिक वेळ ‘आधी आपण, आधी आपण’ चालतं. दोघंही साथीला बसले, तर गायचं कोणी?

बदलापूरहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमधल्या भजनाच्या डब्यात मी पूर्वी बुवांचा आवाजच ऐकायचो. अंबरनाथला एक गळा चढतो, उल्हासनगरला दुसरा. कोणी पट्टी वर घेतो, कोणी शब्द चुकतो. आताशा माझं लक्ष खिडकीजवळच्या टाळकऱ्याकडे असतं. तो बदलापूरलाच बसलेला असतो.