धुके आणि धाकटी बहीण

पावसाळ्यात लोणावळ्याला आलेले पर्यटक राजमाची पॉइंटवर उभे राहून समोर काहीच दिसत नाही म्हणून खूश होतात. इथे बारा महिने राहणाऱ्याला मात्र धुक्यात वळणापलीकडची गाडी दिसत नाही, याचीच काळजी असते. रहस्यपटाचा प्रेक्षक या पर्यटकासारखा असतो. न दिसण्यासाठीच तो तिकीट काढतो.

हॉलिवूडच्या स्वस्त गुन्हेपटांनी हे ओळखले होते. एकाच तिकिटात दोन चित्रपट दाखवण्याच्या काळात जोडीतला दुसरा चित्रपट छोटा आणि कमी खर्चाचा असे. पीआरसी या लहान कंपनीसाठी एडगर उल्मरने १९४५ मध्ये ‘डीटूर’ केला, तो सव्वा तासाहूनही छोटा आहे. त्यातला न्यूयॉर्कचा रस्ता म्हणजे दाट धुके, दिवा आणि रस्त्यांच्या नावांच्या पाट्या. इमारती उभारण्याचा खर्च धुक्याने वाचवला आणि नायकाच्या मनातला अंधारही दाखवला.

दुसरे साधन नटाच्या ओळखीचे. रेमंड चँडलरच्या ‘फेअरवेल, माय लव्हली’ या कादंबरीवरून आरकेओने १९४२ मध्ये ‘फाल्कन’ मालिकेतला एक छोटा चित्रपट काढला. त्यात जॉर्ज सँडर्सचा डौलदार गुप्तहेर होता. प्रेक्षक त्याला आधीपासून ओळखत होता, त्यामुळे त्याच्याविषयी शंका उरत नव्हती. दोनच वर्षांनी त्याच कंपनीने तीच कादंबरी पुन्हा घेतली, पण या वेळी अधिक पैसा लावून आणि संगीतपटांचा नायक डिक पॉवेल याला घेऊन. मूळ नावामुळे लोकांना हा गाण्यांचा चित्रपट वाटेल, या भीतीने नाव बदलून ‘मर्डर, माय स्वीट’ केले गेले. गोड गळ्याचा नायक मार खाताना, फसताना पाहून प्रेक्षक चक्रावला, तो जुन्या ओळखीमुळेच.

आपल्याकडे हा डाव सर्वात धीटपणे खेळला तो १९६९ च्या ‘इत्तेफाक’ने. यश चोप्रांनी सुमारे महिनाभरात, एकही गाणे न घालता, बहुतांशी एका घरात आणि एका रात्रीत घडणारा हा चित्रपट केला. तो ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावर आधारलेला होता. धुम्मस म्हणजे धुकेच. पण चित्रपटातले खरे धुके म्हणजे नंदाचा चेहरा.

मास्टर विनायकांची ही मुलगी १९५९ च्या ‘छोटी बहन’पासून घरोघरची धाकटी बहीण झाली होती. ‘इत्तेफाक’मध्ये पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला, वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला चित्रकार (राजेश खन्ना) पिस्तूल घेऊन तिच्या घरात शिरतो. आपण लगेच तिच्या बाजूने होतो. तिने अजून काहीही केलेले नसते. आपली सहानुभूती दहा वर्षांपूर्वीच्या चित्रपटातून आलेली असते. तिच्या नवऱ्याचा मृतदेह त्याच घरात आहे हे कळते, तेव्हा लाज वाटते ती आपल्याच निष्काळजीपणाची.

या चित्रपटाच्या कौतुकात गाणी वगळण्याचे धाडस आणि राजेश खन्नांचा अभिनय यांचा उल्लेख ठरलेला असतो. नंदाला फिल्मफेअरचे नामांकन मिळाले खरे, पण तिची निवड हाच कथेचा कणा आहे, हे क्वचितच म्हटले जाते. तिच्या जागी आधीच खलनायिका म्हणून ठाऊक असलेली नटी असती, तर रहस्य पहिल्या अर्ध्या तासात फुटले असते.

तरी एक उणीव राहतेच. या बाईने असे का केले, तिच्या संसारात काय होते, याकडे पटकथा फारशी वळत नाही. गुन्हा उघड झाला की हिशेब चुकता करण्याची घाई सुरू होते. ‘डीटूर’लाही सेन्सॉरच्या नियमांपुढे वाकून शेवटी नायकाला पोलिसांच्या गाडीत बसवावे लागले होते. पण उल्मरची अडचण बाहेरची होती. इथे संकोच आपला आहे. धाकटी बहीण खून करू शकते, एवढे आपण मान्य केले. तिला त्यासाठी कारण असू शकते, हे ऐकून घेण्याइतके आपण थांबलो नाही.