रसायनाची कमतरता : एका उपमेची तपासणी

मानसिक आरोग्याविषयीचे व्याख्यान असो, माहितीपत्रक असो की वर्तमानपत्रातील आरोग्यविषयक सदर असो, नैराश्याचा विषय निघाला की एक वाक्य हटकून भेटते. ‘मधुमेहात जसे इन्सुलिन कमी पडते, तसे नैराश्यात मेंदूतील सिरोटोनिन नावाचे रसायन कमी पडते, गोळी ती कमतरता भरून काढते.’ शब्द थोडे इकडेतिकडे होतात, आशय तोच राहतो. विज्ञान शिकवणाऱ्यांनी या वाक्याची एकदा नीट तपासणी करावी, असे आम्हांला वाटते. कारण हे वाक्य ऐकून आपल्या सातारा-सांगलीकडची माणसे गोळी सुरू करतात आणि पुष्कळदा याच वाक्याच्या आधाराने ती बंदही करतात. ‘कमतरता भरून निघाली, आता कशाला?’ असा सरळ हिशेब त्यामागे असतो.

उपमेने केलेले काम

आधी या उपमेचे श्रेय तिला देऊ. मन बसले, झोप उडाली, छातीत धडधडू लागले की पूर्वी घरात दोनच निदाने होत असत. बाहेरचे काहीतरी लागले असेल, नाहीतर माणूसच कमकुवत असेल. पहिल्या निदानाची वाट देवऋषीकडे जाते आणि दुसऱ्याची उपदेशाकडे. साताऱ्यात जन्मलेले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ‘याला पुरावा काय?’ हा प्रश्न महाराष्ट्रात गावोगाव नेला. पहिल्या निदानाला त्या प्रश्नाने हादरा दिला. दुसरे निदान मात्र टिकून होते. तेथे मधुमेहाची उपमा उपयोगी पडली. साखर वाढली म्हणून कोणी कोणाला बोल लावत नाही, मग उदासीनतेबद्दल का लावावा?

हे काम अजून संपलेले नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा निष्कर्ष असा, की दर २० जणांमागे सुमारे एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य गाठते आणि नैराश्य असलेल्या दर १०० जणांपैकी सुमारे ८५ जण उपचाराबाहेर असतात. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी आपल्याकडचे चित्र फार निराळे असेल असे मानायला आधार नाही.

म्हणून उपमा चांगल्या हेतूने आली हे मान्य. पण ‘याला पुरावा काय?’ हा प्रश्न देवऋषीला विचारायचा आणि आपल्या बाजूच्या वाक्याला विचारायचा नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकाला शोभणारे नाही.

ही कल्पना आली कोठून?

या कल्पनेचा एक धागा भारतातून गेलेला आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. तिने रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात मांडले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याच्या नोंदी आल्या. १९५५ मध्ये असे दिसले, की रेसर्पीनमुळे प्राण्यांच्या मेंदूतील सिरोटोनिनचा साठा कमी होतो.

दुसरा धागा क्षयरोगाचा. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते, हे त्या भागातील वाचकांना ठाऊक असेल. औषधे येण्यापूर्वी अशा ठिकाणी मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार यांवरच भिस्त असे. १९५२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंड येथील अशाच एका रुग्णालयात इप्रोनियाझिड हे क्षयाचे नवे औषध देऊन पाहिले गेले. तेव्हा मरगळलेले रुग्ण उत्साही झाले, भरपूर खाऊ लागले. १९५७ च्या सुमारास तेच औषध नैराश्यावर वापरले जाऊ लागले. ते सिरोटोनिन आणि त्यासारख्या द्रव्यांचे विघटन रोखते, असे दिसून आले होते. (यकृताला अपाय होतो म्हणून ते पुढे मागे पडले.) त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांना इमिप्रामिनचा गुण दिसला. ते औषध त्यांनी आधी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिले होते.

आता तर्काची साखळी पाहा. एक औषध सिरोटोनिन घटवते आणि माणसे उदास होतात. दुसरे ते वाढवते आणि माणसे सावरतात. म्हणून नैराश्य म्हणजे सिरोटोनिनची कमतरता. १९६० च्या दशकात ही परिकल्पना मांडली गेली, तेव्हा ती तपासण्याजोगी होती. १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्झेटिनला मान्यता मिळाल्यावर तिचा प्रचार जोरात सुरू झाला. परिकल्पनेची घोषणा झाली ती अशी.

उपमा कोठे मोडते?

पहिली गोष्ट, साखळीची पहिली कडीच कच्ची होती. १९५५ मध्येच इंग्लंडमध्ये चिंताग्रस्त व उदास रुग्णांना रेसर्पीन देऊन चाचणी झाली. त्यात रुग्णांना त्रास होण्याऐवजी उलट फायदाच दिसला होता.

दुसरी गोष्ट, मधुमेहात रक्तातील साखर मोजता येते. नैराश्याचे निदान सिरोटोनिन मोजून कोणताही डॉक्टर करत नाही. लक्षणे, त्यांचा कालावधी आणि कामावर होणारा परिणाम विचारूनच ते करावे लागते.

तिसरी गोष्ट, इन्सुलिनच्या इंजेक्शनात इन्सुलिनच असते. नैराश्याच्या गोळीत सिरोटोनिन नसते. आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गोळ्या चेतापेशींच्या सांध्यात सोडलेले सिरोटोनिन परत शोषले जाण्याला अडथळा आणतात. हा अडथळा पहिल्या काही तासांतच निर्माण होतो. मन सावरायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. नुसती भर घालण्याचाच प्रश्न असता, तर इतका उशीर का?

चौथी गोष्ट, २०२२ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सिरोटोनिनच्या कमतरतेमुळे नैराश्य येते याला सुसंगत पुरावा सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

येथे विद्यार्थी हमखास घसरतात आणि काही वर्तमानपत्रेही घसरली. ‘म्हणजे गोळ्या खोट्या!’ असा निष्कर्ष यातून निघत नाही. गोळीचा गुण येतो का, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर वेगळ्या प्रयोगांनी मिळते. २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्र विचार झाला. त्यांत २१ औषधे आणि १,१६,४७७ रुग्ण होते. दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा प्रत्येक औषध घेणाऱ्यांना अधिक गुण आला. फरक किती? ढोबळमानाने, औषध नसलेल्या गोळीवर १०० पैकी २० ते ४० जणांना काही आठवड्यांत बरे वाटते, तर औषधाच्या गोळीवर ४० ते ६० जणांना. हा फरक जादूचा नाही. पण ज्या २० जणांच्या वाट्याला तो येतो त्यांच्यासाठी तो फार मोठा असतो. डोकेदुखी पॅरासिटामॉलच्या कमतरतेमुळे होत नाही, तरीही पॅरासिटामॉलने ती थांबते. उपायावरून कारण सिद्ध होत नाही, आणि कारण चुकीचे ठरले म्हणून उपाय खोटा ठरत नाही.

कोयना आणि आयर्विन पूल

मोडकी उपमा काढून घेतली तर तिच्या जागी काय द्यावे? आमच्या मते सातारा-सांगलीच्या शिक्षकाला ती शोधायला लांब जावे लागणार नाही.

सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले होते. आता विचारा, पूर कशामुळे आला? पाटण-महाबळेश्वरकडचा पाऊस, सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाचा विसर्ग, हरिपूरजवळ येऊन मिळणारी वारणा, नदीपात्रातील बांधकामे, खालच्या अंगाच्या धरणांचा फुगवटा. यांतील कोणाचा वाटा किती, यावर आजही वाद होतो. पुलावरचा आकडा पुराची तीव्रता सांगतो, कारण सांगत नाही. नैराश्याचेही तसेच आहे. आनुवंशिकता, बालपणीचे आघात, कर्ज, आजारपण, एकटेपणा, झोपेचा बिघाड असे अनेक ओढे येऊन मिळतात आणि दोघांचा आकडा सारखा दिसला तरी पाणी निरनिराळ्या ठिकाणचे असते.

कोयनेचे दरवाजे खाली केले की पाणी सांगलीत त्याच क्षणी उतरत नाही. ते कऱ्हाडच्या संगमावरून वाहत यायला वेळ लागतो. गोळीचा परिणाम उशिरा दिसणे निदान कल्पनेत तरी असे समजावता येते. दरवाजे खाली केल्यावर पूर उतरला म्हणून पूर केवळ कोयनेमुळे आला होता, असे ठरत नाही. वारणाही दुथडी भरली असेल, तर एकट्या कोयनेने भागत नाही. तेव्हा गोळीबरोबर बोलण्याचे उपचार, घरच्यांची साथ आणि कामातील सवलत लागते. आणि पाणी उतरल्यावर घरातला गाळ उरतोच. गोळी तो उपसून देत नाही. उपसण्यासाठी उभे राहण्याइतकी कोरडी जागा देते.

हीदेखील उपमाच आहे. नदी फुटांत मोजता येते. मन प्रश्नावलीने अजमावावे लागते. मेंदू औषधाशी जुळवून घेतो, नदी तसे करत नाही. उपमा कोठे संपते हे वर्गात सांगितले नाही, तर आपण एक घोषणा काढून दुसरी लावली असे होईल.

‘गोळ्यांची सवय लागते’

हे दुसरे प्रचलित वाक्य. यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत असते. चिंता तात्काळ कमी करणाऱ्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची खरोखरच सवय लागू शकते. मात्रा वाढवावीशी वाटते. नैराश्यरोधक गोळ्यांची अशी ओढ लागत नाही. चिंतेच्या दीर्घकालीन विकारांतही याच नैराश्यरोधक गोळ्या दिल्या जातात, म्हणून रुग्णाच्या पिशवीत दोन्ही पाकिटे शेजारी असतात आणि बदनामी एकत्र होते. आपल्या हातात कोणती गोळी कशासाठी आहे, हे विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे.

पण ‘काहीच होत नाही’ हे आश्वासनही खरे नाही. सुरुवातीला मळमळ व अस्वस्थता येते. शरीरातील बहुतेक सिरोटोनिन आतड्यात असते, हे त्याचे एक कारण. काहींचे वजन वाढते, काहींची कामेच्छा मंदावते आणि संकोचाने ती तक्रार सांगितलीच जात नाही. २५ वर्षांखालील रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येच्या विचारांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ आणि २००७ मध्ये तशा सूचना गोळ्यांवर घातल्या. गोळी एकदम थांबवली तर चक्कर, विजेच्या झटक्यासारखी संवेदना, चिडचिड, झोपमोड होऊ शकते. ती हळूहळूच, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करायची असते.

किती दिवस घ्यायची? बरे वाटू लागल्यावरही निदान सहा महिने, असा सर्वसाधारण सल्ला असतो; दुखणे वारंवार उलटत असेल तर अधिक काळ. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ गोळ्या घेऊन बरे असलेल्या ४७८ जणांवर झालेला प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात, गोळी टप्प्याटप्प्याने थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचे दुखणे उलटले. चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचे. म्हणजे गोळी संरक्षण देते, पण पूर्ण नाही. आणि थांबवणाऱ्यांपैकी बरेच जण ठीकही राहतात. ‘जन्मभर घ्या’ आणि ‘ताबडतोब सोडा’ ही दोन्ही वाक्ये या आकड्यांपुढे टिकत नाहीत.

शाळेच्या कामाचे

मधुमेहाची उपमा अपुरी आहे, याचे आणखी एक कारण शिक्षकांनी लक्षात घ्यावे. २०१३ मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले. जैविक स्पष्टीकरणाने रुग्णाला दोष देणे कमी होते; पण ‘हा काही बरा होणार नाही’ ही समजूत वाढते, असे त्यांत दिसले. ज्याला ‘तुझ्या मेंदूतच खोट आहे’ असे ऐकू येते, त्याला सुटकेबरोबर निराशाही मिळते. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या मराठी चित्रपटाला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले, निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यात खचलेल्या तरुणाला सांभाळणारी बाई स्वतः या अनुभवातून गेलेली आहे. उपदेश न करता सोबत थांबणे काय असते, ते मोठ्या वर्गातील मुलांना या चित्रपटातून व्याख्यानापेक्षा चांगले कळेल.

शिक्षकांच्या खोलीतही गोळी घेणारे कोणी असेल. डब्याच्या पिशवीत पाकीट लपवून ठेवावे लागणे हा औषधाचा दुष्परिणाम नाही, तो आपला आहे. ‘अजून घेता का?’ यापेक्षा ‘झोप लागते का?’ हा प्रश्न बरा. मुलांना १४४१६ हा टेलिमानस सेवेचा क्रमांक फळ्यावर लिहून द्यावा. २०२२ पासून ही शासकीय सेवा विनामूल्य आहे.

आणि वर्गात कोणी विचारलेच, ‘सर, नैराश्य नक्की कशाने येते?’ तर खरे उत्तर असे : अनेक कारणांनी, आणि त्यांचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही, तरी बरे होण्याचे तपासलेले मार्ग आहेत आणि गोळी त्यांतील एक आहे. हे उत्तर ‘रसायन कमी झाले’ याच्याइतके सुटसुटीत नाही. पण ते ऐकणाऱ्याला गोळी सुरू करतानाही कामाला येईल आणि थांबवण्याचा विचार करतानाही.