तबकडीने घडवलेला कान

पोशीरच्या या देवळात लहानपणी आम्ही मागच्या भिंतीला टेकून भजन ऐकत बसायचो. आज तुम्ही आम्हाला पुढे बसवलंत, आणि समोर मोबाइल लावलाय, म्हणजे जे इथे नाहीत तेही ऐकणार. संयोजकांनी विषय दिला, ‘आमची आवड घडवणाऱ्या ध्वनिमुद्रिका’. सोपा वाटला. चार तबकड्यांची नावं घ्यायची, दोन आठवणी सांगायच्या, चहा घ्यायचा आणि घरी जायचं. पण तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला एक खोड असते. ‘घडवली’ म्हटलं की तो विचारतो, घडवली म्हणजे नेमकं काय केलं? मूर्ती घडवताना दगड छाटावाच लागतो. तसं आमच्या कानातून काय छाटलं गेलं? आज त्याविषयी बोलू.

आमच्या घरी रेकॉर्ड प्लेअर आला तो साठचं दशक संपत असताना. बॅटरीवर चालणारा. मामांनी तो मुंबईहून नेरळपर्यंत गाडीने आणि पुढे एसटीने मांडीवर धरून आणला. पुढच्या काही वर्षांत चार तबकड्या जमल्या. चारच, हे महत्त्वाचं. आज तुमच्या खिशात लाखो गाणी आहेत. आमच्याकडे चार तबकड्या आणि पोशीरचा चार महिन्यांचा पाऊस. लावणी झाली की संध्याकाळी दुसरं करणार काय? त्याच त्या शंभर वेळा ऐकल्या.

पहिली उस्ताद अमीर खाँची. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि गवई षड्जावर येता येत नाही. रिषभ-धैवतावरच रेंगाळतो. घर दिसतंय पण पाय घराकडे वळत नाही, असं काहीसं. अमीर खाँ झुमऱ्याच्या चौदा मात्रांत ते इतकं सावकाश मांडतात, की वाट बघणं हासुद्धा आनंद असतो, हे आम्हाला तिथे कळलं.

दुसरी किशोरीताई आमोणकरांची, भूप आणि बागेश्री. भूपात पाचच स्वर. आमच्या भातखाचरांसारखा उघडा राग, लपायला जागा नाही. पाच स्वरांत एवढं मोठं घर बांधता येतं, हे त्या तबकडीने दाखवलं.

तिसरी पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची. राम फाटक, श्रीनिवास खळे यांच्यासारख्या संगीतकारांच्या चाली आणि भीमसेनांचा तो आवाज. ती आमच्या घरात सगळ्यांची होती. आजीला राग कळत नव्हते, पण ही तबकडी लागली की तिचे हात जोडले जायचे.

चौथी कुमार गंधर्वांची, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. तिच्याकडे शेवटी येऊ, कारण ती आम्हाला शेवटीच कळली.

आता टीकेचा भाग. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाचा १७५७ साली प्रसिद्ध झालेला अभिरुचीवरचा एक निबंध आहे. चांगला परीक्षक कोणाला म्हणावं? ह्यूम काही अटी घालतो, त्यांपैकी दोन आज आपल्या कामाच्या. एक सराव, दुसरी तुलना. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा अनुभवली पाहिजे, आणि ती दुसऱ्या गोष्टींशेजारी ठेवून पाहिली पाहिजे. तबकडीने आम्हाला सराव दिला, असा की राजेरजवाड्यांनाही मिळाला नसेल. अमीर खाँना शंभर वेळा तोच मारवा गायला कोण लावणार? पण तुलना मात्र तिने काढून घेतली. मारवा म्हणजे हाच, भूप म्हणजे हाच, असं कानाने ठरवून टाकलं. पुढे मुंबईत शिकताना एका मैफलीत मारवा ऐकला तेव्हा आम्ही अर्ध्यातून उठलो. गाणाऱ्याची चूक एवढीच, की तो अमीर खाँ नव्हता.

यात एक साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो. तबकडी म्हणजे मैफलीचा फोटो नव्हे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत, लाँगप्लेला वीसेक. एचएमव्हीत दीर्घकाळ काम केलेल्या जी. एन. जोशींचं ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक जरूर वाचा. जो गवई एक राग तास-दीड तास गाईल, त्याने तो वीस मिनिटांत बसवायचा, तोही समोर श्रोता नसताना, यंत्रासमोर. ही वेगळी कलाकृती आहे, आणि थोर कलाकृती आहे. पण तिच्या मापाने मैफल मोजणं म्हणजे पोस्टकार्डाच्या मापाने पत्र मोजणं.

मैफलीतून उठलो, त्यात कोणाचं काही बिघडलं नाही. यापुढची गोष्ट मात्र सांगायला जड जाते. ती याच देवळातली आहे.

आमच्या आळीत एक बुवा होते. नाव घेत नाही, त्यांच्या घरची माणसं इथे बसली असतील. कार्तिकातल्या काकड्याला ते तुकोबांचा एक अभंग म्हणायचे. चाल त्यांच्या गुरूकडून आलेली, त्या गुरूला कोणाकडून आली ते कोणाला ठाऊक? धृपद खालच्या सुरात, दहा माणसं सहज उचलतील असं. चरण वर जायचा, मध्ये एकदम थांबायचा, फक्त पखवाज चालू राहायचा, आणि मग सगळे मिळून खाली यायचे. पहाटेच्या गारठ्यात जाग यावी म्हणून केलेली चाल. तोच अभंग आमच्या तबकडीवर होता, वेगळ्या चालीत. आम्ही तेव्हा एम.ए. करत होतो, म्हणजे सगळं कळण्याचं वय. (हशा) एका पहाटे, चार माणसांसमोर, आम्ही बुवांना म्हणालो, ‘‘बुवा, याची बरोबर चाल अशी आहे,’’ आणि गाऊन दाखवली. बुवा रागावले नाहीत. ‘‘बरं बाबा, तू शिकलेला,’’ एवढंच म्हणाले. त्यानंतर आमच्यासमोर तो अभंग त्यांनी कधी म्हटला नाही. पुढे कॅसेट आल्या, घराघरांत तीच चाल पोहोचली, पोरं तीच म्हणू लागली. बुवा गेले आणि चालही गेली.

भीमसेनांचा यात काय दोष? काही नाही. दोष ‘बरोबर’ या शब्दाचा, आणि तो शब्द आमचा होता. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत, भक्तिसंगीत, कलासंगीत, जनसंगीत अशा संगीताच्या वेगवेगळ्या कोटी मांडल्या. प्रत्येक कोटीचं काम वेगळं, म्हणून कसोटी वेगळी. बुवांची चाल दहा जणांनी म्हणण्यासाठी होती. तबकडीवरची एका असामान्य गळ्याने म्हणून लाखोंनी ऐकण्यासाठी. आम्ही एकीचा न्याय दुसरीला लावला, आणि त्याला अभिरुची म्हणालो.

गंमत अशी, की ज्यांच्या तबकडीचा दाखला देऊन आम्ही बुवांना गप्प केलं, ते भीमसेनही तबकडीनेच घडलेले. अब्दुल करीम खाँची झिंझोटीतली ठुमरी लहानपणी त्यांच्या कानावर पडली ती रेकॉर्डवरूनच. १९३३ साली, अकराव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं, गुरूच्या शोधात गाड्यांतून भटकले, आणि शेवटी कुंदगोळला करीम खाँचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले. तबकडीने त्यांना घराबाहेर काढलं. आम्हाला तिने घरात बसवलं. तबकडी तीच, फरक ऐकणाऱ्याचा. ‘मला असं गाता आलं पाहिजे’ म्हणून ते निघाले. ‘आता मला सगळं कळलं’ म्हणून आम्ही बसलो.

आता चौथी. कुमार गंधर्व लहानपणी थोरामोठ्यांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवायचे. लोक थक्क व्हायचे. नक्कल हीच विद्या मानली असती, तर तो मुलगा तिथेच संपला असता. पण मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे तो शिकला, पुढे क्षयाच्या आजारात देवासला वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळला, आणि उठला तो स्वतःचं गाणं घेऊन. अशा माणसाने बालगंधर्वांची पदं गायला घेतली, तेव्हा नाव काय दिलं? ‘बालगंधर्वांची गाणी’ नव्हे, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. आम्हाला ती तबकडी पहिल्यांदा आवडली नव्हती. मूळ पदं रेडिओवर ऐकलेली होती, आणि कुमारांचा आवाज तसा नाही, ती लाडिक लय नाही, तान मध्येच तुटते. ‘‘हे बरोबर नाही,’’ आम्ही म्हणालो. तोच शब्द, बघा. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं, की नकलेत राहिला नसता एवढा बालगंधर्व या गाण्यात शिल्लक आहे. शब्द कुठे सोडायचा, सूर कुठे टेकवायचा, ही त्यांची समज कुमारांनी घेतली आणि गळा आपला ठेवला. ‘मला उमजलेले’ या दोन शब्दांत समीक्षेचा सगळा धर्म आहे. त्यात जबाबदारी आहे आणि नम्रताही आहे. दुसऱ्याला वेगळं उमजेल, याला जागा आहे. ते दोन शब्द आम्हाला त्या पहाटे सुचले असते, तर बुवांना आम्ही म्हणालो असतो, ‘‘बुवा, आम्ही ही चाल अशी ऐकलीय. तुमची पुन्हा म्हणा, आम्हाला शिकू द्या.’’

तर मंडळी, यादी तुम्हाला मिळाली. चारही तबकड्या ऐका, आम्ही आजही ऐकतो. पण मारवा आणखी दोन गवयांचा ऐका. आवडला नाही तर उठू नका, काय आवडलं नाही ते स्वतःला सांगा. आणि गावातलं भजन ऐकताना कान तबकडीचे नेऊ नका.

गेल्या कार्तिकात आम्ही इथल्या दोन-तीन वयस्कर माणसांना घेऊन बसलो. बुवांच्या त्या चालीचं धृपद जुळलं, आम्ही ते मोबाइलवर घेतलंय. पुढचे चरण कोणालाच आठवत नाहीत. तुमच्या घरी एखादी आजी, एखादे आजोबा ती चाल गुणगुणत असतील, तर आम्हाला कळवा, आम्ही येऊ. आणि ते गात असताना कृपा करून कोणी दुरुस्त करू नका.