सरासरीपलीकडचा रेणू : प्रकाशग्राही संकुलांच्या एकरेणू वर्णपटाभ्यासाचे मूल्यमापन

जांभळ्या जीवाणूंमधील प्रकाशग्रहणाचा अभ्यास दीर्घकाळ द्रावणातील असंख्य संकुलांच्या एकत्रित मापनावर आधारलेला होता. अशा मापनातून केवळ सरासरी हाती येते. एकेका संकुलाचे वेगळेपण तीत लोपते. १९८९ मध्ये मोर्नर व काडोर यांनी स्फटिकातील एकाच रेणूचे प्रकाशशोषण नोंदविले आणि ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग खुला झाला.

१९९५ मध्ये ‘ऱ्होडोस्यूडोमोनास ॲसिडोफिला’ या जीवाणूच्या एलएच-२ संकुलाची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली. तीत बॅक्टेरिओक्लोरोफिलचे २७ रेणू दोन वलयांत आढळतात. ९ रेणूंचे विरळ वलय सुमारे ८०० नॅनोमीटर, तर १८ रेणूंचे दाट वलय सुमारे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते. १९९९ मध्ये फान ओयेन, आर्ट्स्मा, श्मिट आदी संशोधकांनी १.२ केल्विन तापमानात एकेका संकुलाचे वर्णपट घेतले. विरळ वलयाच्या वर्णपटात अनेक अरुंद रेषा, तर दाट वलयाच्या वर्णपटात मोजके रुंद पट्टे दिसले. पहिल्या वलयात उत्तेजन प्रामुख्याने सुट्या रेणूंवर सीमित राहते, दुसऱ्यात ते अनेक रेणूंवर विस्तारते, हा भेद त्यातून स्पष्ट झाला. या कार्याचे हे निर्विवाद यश होय.

विवाद्य आहे तो पुढील निष्कर्ष. दाट वलयाचे दोन मुख्य पट्टे परस्परांना लंब ध्रुवित असून त्यांच्या ऊर्जेत लक्षणीय अंतर आढळले. वलय निर्दोष वर्तुळाकार असते, तर त्यांची ऊर्जा समान असती. रेणूंच्या ऊर्जेतील यादृच्छिक विषमतेनेही असे अंतर पडते. मात्र आढळलेल्या अंतरास ती अपुरी मानून वलय लंबवर्तुळाकार असल्याचे प्रतिपादन करण्यात आले. तथापि हा आकार प्रत्यक्ष पाहिलेला नाही; तो वर्णपटावरून अनुमानित आहे आणि ते अनुमान गृहीत प्रतिमानावर अवलंबून आहे. नऊपदरी सममिती दर्शविणारी स्फटिकरचनाही त्याचे निर्णायक खंडन करीत नाही, कारण तीही सरासरीच होय.

शिवाय मोजलेली संकुले पटलापासून विलग करून बहुवारिकाच्या पातळ थरात बसविलेली व अतिशीत होती. जिवंत पेशीत मात्र ती पटलात दाटीने वसतात व ऊर्जा शेजारच्या संकुलांकडे सोपवितात. म्हणून विलग संकुलाचा गुणधर्म पेशीतील संकुलास लावताना स्वतंत्र पुरावा आवश्यक ठरतो.

सारांश, या पद्धतीने सरासरीने झाकलेली विविधता उघड केली, हे तिचे श्रेय अबाधित आहे. परंतु एकटा रेणू पाहता येणे म्हणजे त्याला त्याच्या स्वाभाविक परिसरात पाहणे नव्हे, हा विवेक तिच्या प्रत्येक निष्कर्षाबरोबर बाळगला पाहिजे.